जामीन झाला, पण माणूस आतच : पाच खाती आणि एक वही

टंकलेखक

नमस्कार मंडळी. ३१ वर्षं फौजदारी कोर्टात लिपिक म्हणून काढली आणि सहायक अधीक्षक होऊन निवृत्त झालो. आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा विधी स्वयंसेवक, ज्याला सगळे पीएलव्ही म्हणतात, म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस कारागृहात जातो. जिल्हा मराठवाड्यातला, एवढं पुरे.

धागा काढायचं कारण एक मुलगा. वय २२, मोबाइलचोरी. १५ हजारांचा जातमुचलका (स्वतःचं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, अशा अटीवर त्याला जामीन झाला. मला तो भेटला तेव्हा त्या आदेशाला चार महिने उलटून गेले होते, आणि आपला अर्ज अजून चालूच आहे अशी त्याची समजूत होती.

मग मी उलटा माग काढत गेलो. कोर्टात रोजनाम्यावर आदेश होता, म्हणजे कोर्टाचं काम त्याच दिवशी झालं. पोलिसांनी चार्जशीट पाठवलं होतं, त्यांच्या लेखी प्रकरण हातावेगळं. विधी सेवेच्या वकिलांनी जामीन मिळवून दिला होता, त्यांचंही काम झालं. कारागृह म्हणालं, आमच्याकडे सुटकेचा हुकूम आलाच नाही, सोडणार कसा? आई ऊसतोडीला गेलेली, फोन लागत नव्हता. खोटं कोणीच बोलत नव्हतं. ज्याने त्याने आपापलं पान लिहून पूर्ण केलं होतं. पान उलटायचं काम मात्र कोणाच्याच नेमणुकीत नव्हतं. ३१ वर्षांत माझ्या टेबलावरून असे किती आदेश गेले असतील, हा विचार त्या रात्री काही केल्या डोक्यातून जाईना.

बरं, नियम नाहीत असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेश आहे. जामिनाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकांमार्फत कैद्याला पोचली पाहिजे. अधीक्षकांनी ती तारीख ई-प्रिझन्स या कारागृहांच्या संगणक प्रणालीत भरायची. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करायचा विचार करू शकतं. स्थानिकच जामीनदार हवा असा हट्ट धरू नये, हेही त्यात आहे.

समित्याही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली न्यायाधीन (खटला अजून चालू असलेल्या) बंद्यांच्या आढाव्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात समिती करायला लावली: जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आणि पुढे प्राधिकरणाचे सचिवही त्यात आले. मी नोकरीत असताना एका बैठकीत टिपण घ्यायला बसलो होतो. जिल्हाधिकाऱ्यांनी निवासी उपजिल्हाधिकारी पाठवले, अधीक्षकांनी गृह शाखेचे उपअधीक्षक. कारागृहाने यादी वाचली. 'इतर गुन्हे प्रलंबित आहेत का' हा रकाना पानभर कोरा. कोरा का, हे विचारणारं कोणी नव्हतं, कारण ज्याने तो भरायचा तो लिपिक बैठकीला बोलावलेलाच नव्हता. चहा, काजू, आभार.

या मुलानंतर आम्ही वेगळं काहीतरी सुरू केलं. दर सोमवारी कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत, दोन ते अडीच, पाच जण बसतो: कारागृहाच्या न्यायिक विभागातला लिपिक, कोर्टाचा फौजदारी टेबलवाला, पोलिसांचा पैरवी हवालदार (ठाण्याची कोर्टातली कामं बघणारा), लोकअभिरक्षक कार्यालयातले (विधी सेवेतर्फे आरोपींना फुकट वकील देणारं कार्यालय) एक सहायक वकील आणि मी. साहेब कोणी नाही. सचिव मॅडमनी परवानगी दिली आणि शहाणपणाने लांब राहिल्या. इतिवृत्त नाही, फक्त एक वही. रकाने चार: नाव, आदेशाची तारीख, कशावर अडलंय, कोणाकडे अडलंय. चौथ्यात खात्याचं नाव लिहायचं नाही, समोर बसलेल्या माणसाचं लिहायचं. 'पोलीस' लिहिलं की पुढच्या सोमवारी सगळे छताकडे बघतात.

पहिल्याच दिवशी वहीचं पान भरलं. एकाचं आदेशात 'राजू', कारागृहात 'राजेंद्र'. एकावर शेजारच्या जिल्ह्यात दुसरा गुन्हा, त्याची इथल्या वकिलांना कल्पनाच नाही. दोघांचे जामीनदार तयार, पण ठाण्यातून पडताळणी अहवाल नाही. बाकीच्यांना जामीनदारच नाही. त्या मुलाची अट लोकअभिरक्षकांच्या अर्जावर शिथिल झाली आणि तो जातमुचलक्यावर सुटला. अर्ज लिहायला वीस मिनिटं लागली असतील.

हे सगळं छान चाललं होतं. जूनमध्ये टेबलवाल्याची बदली झाली. नवीन आलेला म्हणतो, "मला लेखी आदेश दाखवा." दोन सोमवार वाया गेले. म्हणून विचारतो, एकमेकांना उत्तरदायी नसलेल्या खात्यांच्या माणसांची अशी मोट बांधली तर ती टिकवायची कशी?

बक्कल नंबर

टंकलेखक साहेब, मी सात वर्षं पैरवीला होतो, आता पेन्शनीत आहे. आधी एक खरं सांगतो. पैरवी म्हणजे ठाण्यात कोणाला नको असलेली ड्यूटी. ज्याची कंबर दुखते किंवा ज्याचं साहेबाशी पटत नाही त्याला देतात. तो कोर्टात दिवसभर उभा, संध्याकाळी ठाण्यात आला की "काय रे, आज चहा पिऊनच आलास काय?" अशा माणसाने दुसऱ्या खात्याशी सलोखा करावा, तो कोणाच्या जिवावर?

दुसरं, कैदी पार्टी, म्हणजे आरोपीला कारागृहातून कोर्टात नेणारं पोलीस पथक. आरोपी तारखेला हजर नाही म्हणून कोर्ट कारागृहावर चिडतं. कारागृह म्हणतं पार्टी आली नाही. मुख्यालय म्हणतं बंदोबस्ताला गेली. गणपती, निवडणूक, मंत्र्याचा दौरा, काही ना काही असतंच. आता व्हीसीमुळे (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगमुळे) जरा हलकं झालंय. पण व्हीसीवर आरोपी वकिलाच्या कानात काही सांगू शकत नाही, हे कोणी बोलत नाही.

जामीनदार पडताळणीचा उशीर आमच्याकडून होतो, कबूल. पण भाड्याचे जामीनदार हा प्रकारही बघा. एकच सातबारा चार कोर्टांत फिरवलेला मी स्वतः पकडलाय. एकदा अंगावर आलं की पुढच्या अधिकाऱ्याचा पेन जड होतो.

काळा डगला

काम चांगलं आहे, पण 'मोट', 'टीम' हे शब्द वाचून माझ्या अंगावर काटा येतो. फौजदारी न्यायात सगळ्यांनी एका बाजूला बसायचं नसतं. सरकारी वकील पोलीस खात्यापासून वेगळे करा, असं सर्वोच्च न्यायालयाने शहाणे खटल्यात १९९५ साली सांगितलं, आणि तो खटला आपल्या महाराष्ट्राचाच होता. कारण उघड आहे: तपास करणाऱ्याच्या हाताखाली सरकारी वकील असेल तर कच्चा पुरावा कच्चा आहे असं सांगणार कोण? आता तुम्ही हवालदार, कोर्टाचा लिपिक आणि बचाव पक्षाचा वकील एका टेबलावर डबा खायला बसवताय. उद्या त्याच टेबलावर "हा आरोपी तसलाच आहे हो" असं वाक्य पडलं आणि ते वर चेंबरपर्यंत गेलं तर?

आणि व्हॉट्सअॅप ग्रुप केलाय का? असेल तर बंद करा. आरोपींची नावं आणि कलमं असल्या ग्रुपवर फिरता कामा नयेत.

बाकी जामीनदाराचं दुखणं जुनं आहे. १९७८ चं मोतीराम प्रकरण आठवा. मध्य प्रदेशातला गवंडी, मॅजिस्ट्रेटने १० हजारांचा जामीनदार मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हाच खडसावलं होतं. तरी आजही तालुक्याच्या कोर्टात "लोकल आहे का?" हाच पहिला प्रश्न.

टंकलेखक

@बक्कल नंबर, आमच्या हवालदारांना तुमचं पोस्ट वाचून दाखवलं. ते फक्त "कंबर" म्हणाले आणि हसले.

@काळा डगला, मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच आम्ही एक रेघ आखली आहे. जामीन द्यायचा की नाही, हा दोन बाजूंचा झगडा, तो कोर्टात उघड व्हावा. पण एकदा दिलेला जामीन कारागृहाच्या फाटकापर्यंत पोचवणं यात दोन बाजू उरतच नाहीत. न्यायाधीशांची सही झाली, आता पोलिसांचंही हित त्या सहीची अंमलबजावणी होण्यातच आहे. वहीत फक्त आदेश झालेली नावं येतात. गुन्ह्याचा तपशील काढला की लोकअभिरक्षक वकीलसाहेब सरळ डबा बंद करून उठतात. दोनदा उठलेत.

कलम ४७९ ची नावं मात्र घेतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे पूर्वी कधीच कुठल्या गुन्ह्यात शिक्षा न झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जातमुचलक्यावर सोडायचं असतं, इतरांना निम्म्या काळानंतर जामिनावर. जन्मठेप-फाशीचे गुन्हे वगळून, आणि एकाहून जास्त प्रकरणं चालू असतील तर नाही. अर्ज कारागृह अधीक्षकांनीच करायचा आहे, आणि १ जुलै २०२४ च्या आधीच्या प्रकरणांनाही ते लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. पण 'पूर्वी शिक्षा नाही' हे कारागृहाला कळणार कुठून? ते पोलिसांच्या नोंदीत. आणि 'दुसरं प्रकरण चालू नाही' हे कोर्टाच्या. म्हणजे एका ओळीच्या अर्जाला तीन खाती लागतात.

व्हॉट्सअॅप ग्रुप होता. मॅडमनी दुसऱ्याच आठवड्यात बंद करायला लावला.

लाल फाटक

कारागृह खात्यात होतो, कुठे ते सांगत नाही. आमची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो.

चुकीचा माणूस सुटला तर त्याच दिवशी निलंबन. बरोबर माणूस चार दिवस उशिरा सुटला तर कोणी विचारत नाही. एवढं गणित समजलं की 'राजू' आणि 'राजेंद्र' का अडतात ते समजेल. आमचा लिपिक दुष्ट नसतो, भ्यालेला असतो. अक्षर न् अक्षर जुळवत बसतो, कारण नोकरी त्याची जाणार असते.

हे गणित पहिल्यांदा हललं ते २०२५ मध्ये, गाझियाबादच्या कारागृहाच्या प्रकरणात. जामिनाच्या आदेशात एका पोटकलमाचा उल्लेख राहिला म्हणून माणूस २८ दिवस आत ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला ५ लाखांची अंतरिम भरपाई द्यायला लावली. ती बातमी आमच्या माजी सहकाऱ्यांच्या ग्रुपवर जितकी फिरली तितकं कुठलंच परिपत्रक फिरलं नसेल.

आर्थर रोडची जामीनपेटी आठवते का? कागद ठरलेल्या वेळेत पेटीत पडला तरच त्या दिवशी सुटका. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका सिनेनटाच्या मुलाला २८ तारखेला उच्च न्यायालयाने जामीन दिला, २९ ला कागद संध्याकाळी साडेपाचच्या आत पोचले नाहीत, पोरगा ३० ला बाहेर आला. सगळा देश टीव्हीवर ती पेटी बघत होता. ज्याच्या मागे वकिलांची फौज होती त्याची ही कथा. त्या वर्षी आग्र्याचे कैदी जामीन होऊनही अडकल्याचं सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून मनावर घेतलं, आणि मार्च २०२२ मध्ये आदेश ऑनलाइन पाठवायची 'फास्टर' यंत्रणा आली. पण ती वरच्या आदेशांसाठी. तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटचा आदेश अजून कोणाच्या तरी पिशवीतूनच येतो.

सर्व्हर डाऊन

सरकारी सॉफ्टवेअरच्या एका कंत्राटात काम केलंय. केंद्राने आयसीजेएस काढलंय: पोलीस, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, सरकारी वकील, कोर्ट, कारागृह, पाचही खांब एका जागी जोडायचे. दुसऱ्या टप्प्याला २०२२ मध्ये ३,३७५ कोटी मंजूर झाले. कल्पना उत्तम.

अडचण गमतीशीर आहे. पोलिसांसाठी माणूस म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर. कोर्टासाठी १६ अक्षरी सीएनआर, म्हणजे खटल्याचा क्रमांक. कारागृहासाठी बंदी क्रमांक. एका गुन्ह्यात पाच आरोपी, एका आरोपीवर तीन गुन्हे. हे तीन आकडे कोणीतरी माणसाने एकदा नीट जुळवावे लागतात. आणि ई-प्रिझन्समध्ये जामिनाची तारीख भरलीच नाही, तर सात दिवसांचा इशारा जाणार कोणाला? कॉम्प्युटरच्या दृष्टीने त्या माणसाला जामीन झालेलाच नसतो.

तुमच्या वहीत पाचवा रकाना करा, हे तीन नंबर लिहा. पुढची सगळी शोधाशोध निम्मी होईल.

उंटावरचा

वाचून गहिवरून आलं. आता एक प्रश्न. ज्याचा मोबाइल चोरीला गेला त्याच्यासाठी सोमवारी कोण डबा घेऊन बसतं? माझी मोटारसायकल चोरीला गेली, महिन्यात सापडली, आणि मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली सव्वा वर्ष उभी होती. परत मिळाली तेव्हा सीटमध्ये मुंगसाने घर केलं होतं. पोलीस म्हणत कोर्टाचा आदेश आणा, कोर्टात म्हणत पोलिसांचा अहवाल येऊ द्या. चोर तोवर सुटून लग्न करून मोकळा.

बक्कल नंबर

@उंटावरचा, मुंगसाचं वाचून हसलो, पण तुमचं म्हणणं खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ सालीच सांगितलंय, गाड्याबिड्या ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्यापेक्षा जास्त ठेवू नका, फोटो आणि पंचनामा करून सुपूर्दनाम्यावर (मागितली की हजर करीन अशा हमीवर) मालकाला देऊन टाका. तरी कुठल्याही ठाण्याच्या मागे जा, गाड्यांचं स्मशान दिसेल. मुद्देमाल कारकुनालाही लाल फाटक साहेबांच्या लिपिकासारखीच भीती. दिली आणि खटल्यात मागितली तर? ठेवली आणि गंजली तर कोणी विचारत नाही.

टंकलेखक

@उंटावरचा, टोमणा झोंबला, पण लागला तिथे बरोबर लागला. येत्या सोमवारी सुपूर्दनाम्याच्या अर्जांसाठी वहीचं मागचं पान उघडतो. फिर्यादी-आरोपी दोघांनाही त्याच दोन टेबलांमधल्या फटीत पडायला होतं. अवांतर: मुंगूस बरं होतं ना?

कार्डिफकर

मी इथे वेल्समध्ये आरोग्यसेवेत आहे. घरगुती हिंसेच्या सर्वांत धोकादायक प्रकरणांसाठी पोलीस, हॉस्पिटल, घरकुल खातं, प्रोबेशन, समाजसेवा अशा सगळ्यांनी एकत्र बसायची पद्धत याच कार्डिफ शहरात २००३ मध्ये सुरू झाली आणि मग ब्रिटनभर गेली. मारॅक म्हणतात.

टंकलेखक काकांच्या चौथ्या रकान्याशी नातं जाणवलं म्हणून लिहितेय. प्रत्येक प्रकरणावर थोडा वेळ, आणि शेवटी कोण काय करणार याची नोंद. पीडित बाई स्वतः बैठकीत नसते, तिच्या वतीने बोलायला एक स्वतंत्र सल्लागार असते आणि ती पोलिसांची नसते. काळा डगला यांच्या शंकेवर इथे काढलेला तोडगा तोच. मात्र बदल्या, रजा, नवे चेहरे हा त्रास इथेही आहे. फक्त बैठकीसाठी पगारी समन्वयक असतो, माणसं बदलली तरी तारीख हलत नाही.

जुनी सायकल

बदल्यांचं उत्तर याच दिशेला आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कारागृहांत आणि ठाण्यांत समाजकार्यकर्ते ठेवतो. मी तरुणपणी तिथे थोडे दिवस फिरले. शिकले ते एवढंच की जो कोणत्याच खात्याचा नसतो, त्याला सगळ्या खात्यांत चहा मिळतो. तुमच्या पाचांत तसे तुम्ही एकटेच आहात. वही तुमच्याकडेच ठेवा.

पण लेखी आदेश मागणाऱ्या नव्या लिपिकाला नावं ठेवू नका. त्याला आदेश द्या. जिल्हा न्यायाधीशांकडून दोन ओळींचं पत्र घ्या: अमुक टेबलाच्या लिपिकाने सोमवारी हजर राहावे. टेबलाचं नाव, माणसाचं नव्हे. चौथ्या रकान्याच्या नेमकं उलटं.

टंकलेखक

ताई, सुचलं नव्हतं. बोलावणं टेबलाला, जबाबदारी माणसाला. आजच मॅडमना मसुदा देतो. ३१ वर्षं मसुदेच केलेत, हा एक मनापासून.

शिवारातला

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय. आमच्या गावचा एक पोरगा दोन महिन्यांपासून आत आहे. मारामारीची केस. जामीन झालाय असं वकील म्हणतात, २५ हजार आणि जामीनदार. बाप नाही, जमीन नाही. आम्ही चार जण मिळून काही करू शकतो का?

टंकलेखक

करू शकता. आदेशाला महिना झाला असेल तर अट शिथिल करण्याचा अर्ज लोकअभिरक्षक कार्यालय फुकट करून देतं, जिल्हा कोर्टाच्या आवारात विचारा. तुमच्यापैकी कोणी जामीनदार राहायला तयार असेल तर सातबारा किंवा पगारपत्रक, आधार, रेशनकार्ड आणि फोटो घेऊन जा. कोर्टाला हवा असेल तर तहसीलचा ऐपतीचा दाखलाही. बाहेर आल्यावर जामीनदार देतो अशी विनंती त्याने केली तर तात्पुरत्या जामिनाचाही विचार होऊ शकतो. रोख रक्कमच भरायची असेल तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे. मदत जिल्ह्याच्या समितीकडून मंजूर होते, प्राधिकरणाच्या सचिवांना भेटा.

गाव, नाव, गुन्हा रजिस्टर नंबर इथे लिहू नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शेजारचाच जिल्हा असला तर तिथल्या पीएलव्हीचा नंबर माझ्याकडे आहे.

शिवारातला

व्यनि केला आहे. वकिलाकडचा कागद मोबाइलवर काढलाय, त्यात नाव अर्धंच आहे.